अनुबोधपटांतील सत्य

चित्रपट म्हटला कीं नट, नटी आणि कल्पित कथानक हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. अनुबोधपटांत यांपैकीं कांहींच नसतें. तेथें दिसतें तें खरोखर घडलेलें आहे, अशी प्रेक्षकांची श्रद्धा असते. ही श्रद्धा कितपत रास्त आहे, श्रोतेहो, तेंच आज पाहूं.

रॉबर्ट फ्लाहर्टी याचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालचा पट या वर्गांत फार विख्यात आहे. कॅनडांतील हडसन उपसागराच्या कांठीं राहणाऱ्या इन्युइट लोकांचें जीवन त्यांत दाखविलें आहे. बर्फाचें घर बांधण्याचें दृश्य तर पाहतच राहावें असें! परंतु खऱ्या घरांत छायाचित्रणापुरता उजेड व जागा मिळेना. म्हणून मोठें घर रचून त्याची एक बाजू उघडी ठेविली, आणि त्या उघड्यावर कुटुंबानें झोपेंतून उठण्याचा अभिनय केला. नायकाचें खरें नांव अल्लाकारियाल्लाक; पटांतील पत्नी ही त्याची पत्नी नव्हे. ते लोक तेव्हां बंदूक वापरूं लागले होते, तरी वॉलरसची शिकार भाल्यानेंच करविली गेली. आजोबांचें आयुष्य नातवाकडून वठवून घेतलें, असें म्हणा ना! थंडी मात्र खरी होती, आणि तो वॉलरसहि.

इंग्लंडांत जॉन ग्रियर्सनच्या मंडळींनीं लोकशिक्षणाचा मार्ग धरला. त्यांच्या ‘नाइट मेल’ या १९३६ सालच्या पटांत धांवत्या टपालगाडींत पत्रें निवडणारे कामगार अस्सल आहेत. डबा मात्र स्टुडिओंत उभारलेला. गाडी चालल्याचा भास व्हावा म्हणून बिचाऱ्यांस उभ्या जागीं डोलावें लागलें. त्यापूर्वीं एक वर्ष ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ मध्यें लंडनच्या गलिच्छ वस्तींतील रहिवाशांनीं उंदरांचा व किड्यांचा जाच स्वतःच्या तोंडानें सांगितला. हें धाडस मोठें खरें, पण पैसा गॅसच्या व्यापाऱ्यांचा होता, हेंहि ध्यानांत असावें.

मांडणी करणें हा दोष नव्हे. ती लपविणें हा दोष होय. रशियांतील झिगा व्हर्टोव्ह यानें १९२९ सालींच कॅमेरावाला आणि फीत कापून जोडणारी स्त्री यांना पडद्यावर आणलें होतें.

पुढें हलकी यंत्रें आलीं. अमेरिकेंत ‘प्रायमरी’ या १९६० सालच्या पटांत केनेडी व हम्फ्री यांच्या मागोमाग कॅमेरा मुकाट्यानें हिंडला. फ्रान्समध्यें झां रूश व एडगर मोरां यांनीं उलट केलें. ‘तुम्ही सुखी आहांत काय?’ असें त्यांनीं पॅरिसच्या रस्त्यांवर लोकांस विचारविलें, आणि तयार होत आलेला पट त्यांतील माणसांनाच दाखविला. कोणास तो खोटा वाटला, तर कोणास लाज वाटावी इतका उघडा. तो वादहि त्यांनीं १९६१ सालच्या त्या पटांत तसाच ठेविला.