शेत बघून तरवा टाकावा
(रेडिओवरील भाषण)



आपल्या कणकुंबीचं नाव हल्ली पेपरात येतं ते कळसा-भांडुऱ्याच्या पाण्याच्या वादामुळं. मी आज पाण्यावर बोलणार नाही. मला विषय दिलाय, विद्यापीठातलं संशोधन कारखान्यापर्यंत नेण्यासाठी सरकार देतं त्या अनुदानाचा. मिनिटं दिलीत दहा. योजनांची नुसती नावं वाचली तरी दहा मिनिटं सरतील. म्हणून नावं मोजकीच घेतो आणि गोष्ट एकच सांगतो. ती दोन-तीनदा सांगेन, कंटाळू नका. गोष्ट अशी: विद्यापीठाच्या दारात अर्ज घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा.

आता आपल्याच भागातलं बघा. जांबोटीपासून चोर्ल्यापर्यंत काजूच्या हंगामात आपण काय करतो? बी पिरगळून काढतो आणि बोंडू झाडाखाली टाकून देतो. घाट उतरून गोव्यात गेलं की याच बोंडूची फेणी होते, तिला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. घाटाच्या अलीकडे तो कुजतो. वजनात बघाल तर बीपेक्षा बोंडू कितीतरी जड. म्हणजे झाडानं दिलेल्यातलं बहुतेक आपण मातीत घालतो आणि वर म्हणतो, शेती परवडत नाही!

बोंडूचा रस घशाला धरतो, ही तक्रार खरी. त्यातल्या टॅनिनमुळं तसं होतं. त्याला उपाय आहे. साबुदाणा शिजवून त्याची पातळ पेज करायची, गाळलेल्या रसात ओतून ढवळायची आणि भांडं हलवायचं नाही. टॅनिन साबुदाण्याला धरून तळाला बसतं, वर नितळ रस राहतो. घसा खवखवत नाही. हे ज्ञान जुनं आहे, छापलेलं आहे, कुणी कुलपात ठेवलेलं नाही.

मग कणकुंबीचं लेबल लावलेली सरबताची बाटली बेळगावच्या दुकानात का दिसत नाही? कारण पातेल्यात जमलेलं हजार लिटरला जमवायचं तर वेगळेच प्रश्न उभे राहतात. बोंडू दुसऱ्या दिवशी आंबतो, मग तो गावोगाव गोळा कोण करणार आणि किती वेळात? रस किती तापवला तर टिकेल आणि चवही राहील? बाटली कसली? हंगाम दोन-तीन महिन्यांचा, बाकीचे महिने यंत्र काय करणार? या प्रश्नांवर शोधनिबंध छापून येत नाहीत, म्हणून प्राध्यापक त्यात पडत नाहीत. आणि चुकलं तर बुडू, म्हणून कारखानदार पडत नाही. नेमकी ही मधली वाट चालायला सरकारचं अनुदान असतं.

तुम्ही भात लावणारी माणसं. तुम्हाला सांगतो तसं दिल्लीच्या साहेबाला सांगता येणार नाही. विद्यापीठ म्हणजे तरव्याचा वाफा. तिथं रोप दाट उगवतं, हिरवंगार दिसतं, बघणाऱ्याला बरं वाटतं. पण वाफ्यात कुणाचं भात पिकलंय का? तरवा उपटायचा, मुठी बांधायच्या, चिखल केलेल्या शेतात न्यायच्या आणि लावायच्या. चिखलच झाला नसेल तर मुठी बांधावर पडून पिवळ्या पडतात. अनुदान म्हणजे त्या मुठींवर मारलेलं पाणी. दोन दिवस तग धरतील. पण शेतच तयार नसेल तर पाणी मारून मारून काय पिकणार? आणि मुख्य म्हणजे, आपण तरवा कधी टाकतो? शेत बघून. पाणथळ शेताला एक भात, माळाला दुसरं. आधी तरवा टाकून मग 'कुणाचं शेत मिळतंय का' म्हणत फिरणारा माणूस गावात वेडा ठरेल. आपल्याकडचं पुष्कळसं संशोधन असं फिरतंय.

म्हणून म्हणतो, प्रश्न आधी.

तुमच्या बोटावरचंच उदाहरण घ्या. मतदानाची शाई. निवडणूक आयोगापुढं प्रश्न होता की एकदा मत देऊन गेलेला माणूस परत रांगेत आला तर ओळखायचा कसा. तो प्रश्न घेऊन आयोग दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडं गेला. तिथं सिल्व्हर नायट्रेट असलेली शाई तयार झाली. नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी महामंडळानं तिचा परवाना आपल्या राज्यातल्या म्हैसूरच्या पेंट अँड व्हार्निश कंपनीला दिला. 1962 च्या निवडणुकीपासून ती शाई वापरात आहे, परदेशातही जाते. गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. शेत तयार होतं, म्हणून तरवा लागला.

आता योजना, भराभर सांगतो. लिहून घ्यायचं तर घ्या.

आपल्याला सगळ्यात जवळची धारवाडच्या कृषी विद्यापीठातली. केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेत शेतीतल्या नव्या उद्योगांसाठी जी 'रफ्तार' योजना आली, तिच्यासाठी देशात पाच मार्गदर्शक संस्था नेमल्या, त्यांतली एक धारवाड. कल्पना प्राथमिक टप्प्यात असेल तर 5 लाखांपर्यंत, पुढच्या टप्प्याला 25 लाखांपर्यंत. पण 25 लाखांच्या टप्प्यात 15 टक्के स्वतःचे घालावे लागतात, हे ऐकून घ्या. जैवतंत्रज्ञानाचं काम असेल तर 'बायरॅक'. ही केंद्राची कंपनी 2012 साली निघाली. तिचं 'बिग' नावाचं अनुदान 50 लाखांपर्यंत, मुदत दीड वर्ष. त्यासाठी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आहे. तिथं मराठीत बोलता येईल, लाजू नका. तयार तंत्रज्ञान बाजारात आणायचं असेल तर 1996 पासून तंत्रज्ञान विकास मंडळ आहे. ते प्रकल्पाच्या निम्म्या खर्चापर्यंत 5 टक्के सरळ व्याजानं कर्ज देतं. आणि 2025 च्या जुलैत केंद्रानं मंजूर केलेला एक लाख कोटींचा संशोधन निधी, ज्याचा एवढा गाजावाजा झाला, तो मुख्यतः कमी व्याजाच्या किंवा बिनव्याजी लांब मुदतीच्या कर्जासाठी आणि भांडवलासाठी आहे. अनुदान समजून त्याच्या वाटेला जाऊ नका.

बहुतेक ठिकाणी अट एकच निघते: तुमचा काय वाटा? 2015 साली आयआयटींसाठी 'उच्चतर आविष्कार' योजना निघाली, तिच्यात तर उद्योगानं चौथा हिस्सा घालायचा असं ठरवूनच टाकलं होतं. लोक म्हणतात, सरकार आमच्याकडनंच पैसे मागतं. मागेल नाहीतर काय! ज्यानं स्वतःचं शेत दिलंय तो सकाळी उठून बांधावर जातो. फुकटच्या तरव्याकडं कोण बघतंय?

इथं थोडं रागावतो. आमचे छोटे कारखानदार यंत्राच्या सबसिडीला बरोबर पोचतात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, हे आकडे पाठ असतात. यंत्र येतं, ताडपत्रीखाली बसतं. कारण यंत्रात काय घालायचं आणि ते किती दिवस टिकणार, हे कुणाला विचारलेलंच नसतं. आणि प्राध्यापकमंडळी, तुम्हीही ऐका. प्रकल्पाच्या कागदावर उद्योगाचं नाव हवं म्हणून शेवटच्या आठवड्यात ओळखीच्या कारखान्याचं पत्र आणता. त्या कारखानदाराला विषयही माहीत नसतो. मुदत संपली की अहवाल कपाटात, पत्र फाइलीत. याला भागीदारी म्हणत नाहीत.

आपल्याला विचारायला जागा कमी आहेत का? बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ 1998 पासून आहे. पारंपरिक औषधांवर काम करणारी केंद्राची संस्था बेळगावातच आहे, आणि आपल्या रानात औषधी काय कमी आहे? पलीकडं जुन्या गोव्यात केंद्राची किनारी शेतीची संशोधन संस्था आहे. वेंगुर्ल्याला दापोली विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. भिरंडं, म्हणजे कोकमं, पावसात सापडून कुजतात म्हणून पावसाआधी तयार होणारी 'कोकण अमृता' जात दापोली विद्यापीठानंच 1997 साली दिली. तिथंही आधी प्रश्न होता बघा. तीन राज्यं आपल्या हाताच्या अंतरावर आहेत. सीमेचा त्रास आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसतोय, तिचा एखादा फायदा तरी घ्या की. अर्थात कागदपत्रं एका राज्याची आणि संस्था दुसऱ्या राज्यातली असली की काय होतं, ते निराळं रामायण. पेटंट कुणाच्या नावावर, विद्यापीठाच्या की तुमच्या, हा मुद्दाही बोलायचा होता. काचेपलीकडनं दोन बोटं दाखवतायत, तेव्हा तो राहिला. एवढंच सांगतो की सही करण्याआधी हे लेखी ठरवा. तोंडी नको.

शेवटचं, आणि पुन्हा तेच. गावात चार जण बसा. काजूवाला, मधवाला, बचतगटातली एखादी ताई आणि कॉलेजात विज्ञान शिकलेला एखादा पोरगा, गोव्याला नोकरीला जायच्या आधी त्याला धरा. एका कागदावर आपलं काय अडतं ते लिहा. 'अनुदान मिळावे' असं लिहू नका. 'आमचा रस आठ दिवसांत आंबतो, तो सहा महिने टिकायला हवा, आणि आम्ही एवढे पैसे घालू शकतो' असं लिहा. तो कागद घेऊन बोंडूचा हंगाम सुरू व्हायच्या आत धारवाडला जा. हंगाम संपल्यावर गेलात तर एक वर्ष गेलं.