फटफटीचा सैल नट
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून सायलेन्सरच्या नटावर भाषण व्हावे, याचे आपणांपैकी काहींना हसू आले असेल. पण आपल्या समाजातील किती घरांची चूल आज दुचाकीच्या जोरावर पेटते, याचा विचार करा. कोणी उद्यमबागेत पाळीवर जातो, कोणी दूध घालतो, कोणी घरोघर पार्सले पोहोचवतो. गाडी दोन दिवस गॅरेजात पडली की दोन दिवसांची मिळकत बुडते. आणि गाडी अडते ती बहुधा मोठ्या कारणाने नव्हे. कुठेतरी एक लहानसा नट आधीपासून खडखडत असतो आणि आपण ते दुखणे अंगावर काढत असतो.

प्रथम रचना समजून घेऊ. सायलेन्सरचा पुढचा वाकडा पाइप, ज्याला मिस्त्री ‘बेंड पाइप’ म्हणतात, तो इंजिनच्या हेडला जोडलेला असतो. बहुतेक साध्या गाड्यांत तेथे दोन स्टड, दोन नट आणि मध्ये एक गॅस्केट असते. म्हैसूरला बनणाऱ्या जावा-येझदी ज्यांनी चालवल्या, त्यांना तेथली मोठी आट्यांची रिंग आणि ती आवळण्याचा आकडी पाना आठवत असेल. सायलेन्सरचा मागचा भाग पट्टीने सांगाड्याला बोल्ट केलेला असतो; त्या जागी पुष्कळ गाड्यांत रबरी बुश असते व बुशाच्या आत लोखंडी नळीचा तुकडा असतो. पुढची जोडणी धूर अडवते, मागची जोडणी वजन तोलते. ही वाटणी ध्यानात ठेवा. पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

आता हे नट सैल का होतात? चार स्ट्रोकचे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्यात सेकंदाला ५० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाचा धक्का त्या नटापर्यंत पोहोचतो. दुसरे कारण उष्णतेचे. एक मीटर लांबीचा पोलादी पाइप ३०० अंशांनी तापला तर सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो आणि निवला की पुन्हा आखडतो. हा ताणतणाव रोजचाच. नवे गॅस्केट काही दिवसांत दबून बसते, तेव्हाही नट ढिला पडतो. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. जवळच्या जवळ फेऱ्या मारणाऱ्या गाडीत सायलेन्सर पुरता तापत नाही; ते पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. आपल्याकडचा पाऊस आणि चिखल बाहेरून तेच काम करतात. मग पट्टीच्या वेल्डिंगपाशी चीर पडते.

समजा, मागचा बोल्ट गळून पडला. गाडी तरीही चालते, म्हणून मालक निश्चिंत असतो. परंतु आता मागचे सारे वजन पुढच्या दोन स्टडांवर आले. लोंबकळणारा लांब सायलेन्सर म्हणजे त्या बारीक स्टडांना लावलेली पहारच. प्रत्येक खड्ड्यागणिक ती पहार हलते. काही दिवसांनी स्टड हेडच्या तोंडाशी तुटतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे मऊ. तुटलेला तुकडा काढताना आटे गेले की हेड उतरवण्याची पाळी येते. चार पैशांच्या बोल्टाचे काम असे इंजिनवर जाते. आणि चोर्ला घाटाच्या उतारावर सायलेन्सर निखळून चाकाखाली आला, तर पैशांचा हिशेब दूरच राहतो.

यंत्र आधी सूचना देते. सकाळी गार गाडी चालू करताच हेडपाशी ‘टिक् टिक्’ ऐकू येते; धातू तापून फुगला की आवाज बंद होतो, म्हणून आपण विसरतो. जोडाभोवती काजळी दिसते. उतारावर मूठ सोडताच सायलेन्सर फटफटतो, कारण फटीतून हवा आत ओढली जाते. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत धुराच्या मार्गात प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या अलीकडे फट पडली तर तो फसतो, इंजिनला गरजेपेक्षा अधिक पेट्रोल मिळू लागते आणि मालक मात्र पेट्रोलपंपाला दोष देत बसतो.

उपाय करतानाही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे होऊ नये. पुढे आवाज येतो म्हणून पुढचाच नट पिळत राहायचे, ही सर्रास चाल आहे. वास्तविक मागचे बुश झिजलेले असते किंवा त्यातली नळी हरवलेली असते. म्हणून गाडी पूर्ण निवल्यावर सायलेन्सरचे शेपूट धरून हलवून पाहावे. दुरुस्तीत सर्व बोल्ट प्रथम हाताने बसवावेत, मग पुढचे दोन नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत आणि मागचा बोल्ट शेवटी. भोके जुळत नसतील तर पाइप ओढूनताणून बसवू नये. तो ताण पुढे स्टड तोडतो. लहान नटाला लांब पाना लावून ताकद दाखवू नये. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री तेल सोडावे. जोड उघडला की गॅस्केट नवे घालावे. हेडपाशी नायलॉनचा लॉकनट वापरू नये, तो उष्णतेने वितळतो. पट्टीला वेल्डिंग करायचे तर सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच करावे. वाटेत तार बांधावी लागली, तर गरम पाइप निवू द्यावा, तार चेन आणि चाकापासून दूर ठेवावी, आणि ती घरापर्यंतच चालवावी. तार म्हणजे दुरुस्ती नव्हे.

भगिनींना आणखी दोन गोष्टी सांगतो. सायलेन्सरवरच्या संरक्षक पत्र्याचा स्क्रू पडला असेल तर तो त्याच दिवशी बसवून घ्यायला लावा. मागे बसणाऱ्या मुलांच्या पोटऱ्या भाजतात त्या तेथेच. आणि गाडी बंद पडवीत किंवा बोळात चालू ठेवू देऊ नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो जीव घेतो तेव्हा कळतही नाही.

विश्वस्त मंडळींपुढे शेवटी एक विनंती ठेवतो. न्यास विद्यार्थ्यांना पुस्तके देतो, रुग्णांना औषधे देतो. तसाच दर वर्षी मृगापूर्वीचा एक रविवार न्यासाच्या अंगणात गाड्या तपासण्यासाठी द्यावा. आपल्यात कसबी मिस्त्री आहेत, शिकू इच्छिणारी मुले आहेत. पान्यांचा एक संच, थोडे नट-बोल्ट, वॉशर आणि बुश एवढेच भांडवल पुरे. ज्याची गाडी त्या दिवशी नीट होईल, त्याची पावसाळ्यातली मजुरी बुडणार नाही. मदतीचा हात पुढे करणे ते चांगलेच. पण हात पसरण्याची वेळच येऊ न देणे, हेही धर्मादायच होय.