हातांनी करावयाची जीवदया
(भाषणाचा सारांश)



रांजणगावापासून समुद्र दूर. माझी महाविद्यालयीन नात कासव-संवर्धनाच्या सेवेसाठी मंडणगड तालुक्यातील वेळासला निघाली, तेव्हा मी म्हणालो, "देणगी पाठवू, तू कशाला जातेस?" ती गेलीच. नंतर मीही जाऊन पाहिले.

तेथे पूर्वी कासवांची अंडी खाण्या-विकण्यासाठी उकरली जात. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने, श्री. भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, ग्रामस्थांना सोबत घेऊन संरक्षणाचे कार्य आरंभिले. पहाटे किनारा धुंडाळून घरटी शोधतात. अंडी कुंपणातील वाळूत तितक्याच खोल खड्ड्यात ठेवतात. सुमारे ५० ते ५५ दिवसांनी पिल्ले निघतात आणि स्वतः चालत सागरात जातात. २००६ पासून सुरू झालेल्या कासव महोत्सवामुळे पर्यटक ग्रामस्थांच्या घरी उतरू लागले. जीव राखण्यातून गावाला मिळकत झाली.

आपण जीवदयेची पावती करतो, ते उचितच. परंतु पहाटेची ती पायपीट पैशाने होत नाही. नातीस मी मिच्छामि दुक्कडम् म्हटले.

या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ट्रस्टने दरवर्षी दोन युवकांना अशा सेवेस पाठवावे, ही विनंती. प्रवासखर्च माझ्याकडे. जय जिनेंद्र.