पुडी, पोट आणि ऊन



डॉक्टर मंडळी, गाड्या बडोद्याच्या न्यायमंदिरापाशी सोडून आजच्या सभेला तुम्हांला लहरीपुरा दरवाजातून पायी यावे लागले, त्याबद्दल आधी दिलगिरी. जुन्या कोटाचा हा पश्चिम दरवाजा मोटारींसाठी बांधलेला नाही. शिवाय सकाळच्या कोवळ्या उन्हाने तुमचे 'डी' जीवनसत्त्व फारसे वाढलेलेही नाही. तिरप्या किरणांतला कामाचा बराचसा भाग वरच्या वर गळतो. तो मिळतो ऊन माथ्यावर आल्यावर, आणि नेमका तेव्हा मंगळबाजारातला आमचा दुकानदार ट्यूबलाइटखाली कापड मोजत असतो.

तो माझा नेहमीचा पेशंट. पोट सुटलेले, 'डी' अकरा, रक्तदाब चढा, साखर काठावर. म्हणतो, "डॉक्टरसाहेब, ती 'डी'ची साठ हजारवाली पुडी लिहून द्या, हृदयाचंही काम होऊन जाईल." आठवड्याला एक घ्यायची ती पुडी रोज दुधातून घेऊन रक्तातले कॅल्शियम वाढवून आलेलेही मी पाहिलेत.

त्याला हसू नका, आपणही कधीकाळी त्याच आशेवर होतो. 2008 मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात 'डी' 15 नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. पुढे मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातले 1137 धडधाकट तरुण तपासले, तर सुमारे 70 टक्क्यांत कमतरता! मग 2018 मध्ये अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीचा निकाल आला : 25,871 माणसे, रोज 'डी'ची 2000 युनिट, पाचेक वर्षे, हार्ट अटॅक आणि पक्षाघात काही कमी झाले नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती, हा आक्षेप आज इथे निघेल. निघू दे.

माझ्या मते 'डी' हा गुन्हेगार कमी, साक्षीदार जास्त. ते चरबीत मुरते, म्हणून पोट सुटले की रक्तात कमी दिसते. आणि बैठा माणूस उन्हातही जात नाही. दांडिया बाजारात प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात घाम गाळणाऱ्यांचे 'डी' कुणी मोजले नव्हते, हे मात्र खरे. हाडांसाठी पुडी जरूर लिहू. पण आधी कंबर मोजू, रक्तदाब पाहू.

म्हणूनच दाराशी रक्तदाबाचे टेबल मांडले आहे. जेवणात उसळ आहे, शेव मागितल्याशिवाय मिळणार नाही. सकाळी पहिला दंड मीच पुढे केला : 148/92. "स्वागताध्यक्षाची धावपळ हो, लिहू नका," म्हणालो. सिस्टरबाईंनी मला पाच मिनिटे बसवून पुन्हा पट्टा बांधला. 146.