ठासणीची बंदूक : निवड आणि विवेक

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेंच तीन पट्टे पाडले आहेत. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, मध्यें पूर्णा नदीचें काळ्याभोर मातीचें सपाट खोरें, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा घाटमाथा. जळगांव-जामोद व संग्रामपूर हे तालुके पहिल्या पट्ट्यास लागून, मलकापूर, नांदुरा व शेगांव दुसऱ्यांत, आणि चिखली, मेहकर, लोणार व सिंदखेडराजा हे तिसऱ्यांत. माती व पाऊस यांत फरक असला तरी एक गोष्ट तिन्ही पट्ट्यांत सारखीच आहे. मक्याचें कणीस दुधावर आलें, भुईमुगाची शेंग भरली किंवा हरभरा घाट्यांवर आला, कीं रात्रीं शेतांत कोणी तरी जागें असावें लागतें. रानडुकरांचा कळप एकदां पिकांत शिरला, म्हणजे खातो त्याहून अधिक तुडवितो व उकरतो. आणि रोह्यांचा कळप उभ्या पिकांतून वाट पाडीत जातो. चार महिन्यांचे कष्ट एका रात्रींत जातात, आणि सावकाराचें किंवा बँकेचें देणें मात्र जागच्या जागीं रहातें.

या जागलीच्या माणसाच्या हातीं कोणतें हत्यार असावें, हा प्रश्न जुनाच आहे. गोफण, डबा, टेंभा आणि कुत्रा हीं त्याचीं पहिलीं साधनें. त्यानंतर येते ती बंदूक. आणि बंदुकींत खेड्याच्या परिचयाची ती ठासणीची.

लखुजी जाधवांच्या काळीं सिंदखेडच्या शिलेदारांनीं पाहिली ती तोड्याची बंदूक. जळता तोडा दारूच्या कानास लावला म्हणजे बार उडे. पुढें चकमकीची बंदूक आली. 1807 सालीं स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नांवाच्या एका धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग करून बार उडविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. पावसाळी हवेंत चकमक दगा देते आणि तिच्या झगमगाटानें पाखरें आधींच उडून जातात, ही त्याची अडचण होती. त्याच युक्तींतून पुढें तांब्याची टोपी निघाली, आणि ‘टोपीची बंदूक’ हें नांव आपल्या बोलींत रूढ झालें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत काडतुसाची बंदूक आली, व सैन्यानें ठासणीची बंदूक टाकून दिली. शेतकऱ्यानें मात्र ती टाकली नाहीं. कारण ती स्वस्त होती, आणि तिचा परवाना त्यास मिळूं शकत होता.

जगांत दुसरीकडे या बंदुकीस एक निराळाच जन्म मिळाला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक ठिकाणीं हरणांच्या शिकारीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र हंगाम असतो. एकच बार, आणि तो चुकला तर पुन्हां भरावयास वेळ. म्हणून जनावरासहि संधि मिळते, असा त्यामागचा विचार. परंतु मनुष्याची बुद्धि अशी कीं, नियम झाला म्हणजे ती पळवाट शोधते. 1985 सालीं मिसूरी संस्थानांतील टोनी नाइट या कारागिरानें टोपी नळीच्या बरोबर मागें, एका सरळ रेषेंत बसविलेली रायफल बाजारांत आणली. जुन्या बंदुकींत घोडा बाजूस असतो व ठिणगीस वळण घेऊन दारूपर्यंत जावें लागतें. या नव्या रचनेंत ती सरळ जाते व पावसापासून झांकलेलीहि असते. पुढें तिच्यावर दुर्बीण बसली, आणि पहिल्या हेतूचें काय उरलें, असा वाद तिकडे सुरू झाला. कोलोराडो संस्थानानें ठासणीच्या हंगामांत दुर्बिणीस मनाईच केली आहे.

तिकडच्या शिकाऱ्यापुढें निवडीचा प्रश्न येतो तो मुख्यतः नळीच्या आंट्यांचा. नळीच्या आंतून पाडलेले पेचदार आंटे गोळीस फिरकी देतात, व त्यामुळें ती सरळ जाते. कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेली वाटोळी शिशाची गोळी वापरावयाची असेल, तर सुमारें 48 ते 66 इंचांत एक फेरा घेणारे मंद आंटे योग्य. लांबट गोळी वापरावयाची असेल, तर सुमारें 28 इंचांत एक फेरा घेणारे जलद आंटे हवेत. एकीची गोळी दुसरीच्या नळींत घातली, तर नेम बिघडतो. म्हणजे आधीं गोळी ठरवावी व मग बंदूक, हा तेथील शहाण्यांचा क्रम आहे.

आपल्याकडे मात्र निवडीच्या आधीं हेतु ठरवावा लागतो, कारण आपल्या देशांत हौशीची शिकार आतां कायद्यानें उरलेली नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर बंधनें आलीं, आणि 1991 च्या दुरुस्तीनें शिकारीच्या परवान्यांची पद्धतच संपली. जो आज ठासणीची बंदूक मागतो, त्यास ती पीकरक्षणासाठींच मागतां येते. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमांत या गोष्टीचा स्पष्ट उल्लेख आहे. खरोखर पीकरक्षणासाठीं हवी असेल तर ठासणीची बंदूक. आणि ती पुरेशी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान 20 इंच नळीची दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक. पीकरक्षणाच्या या तरतुदींत रायफलीचें नांव नाहीं. म्हणून परदेशी सूचीपत्रांतील चित्रें पाहून मोह पाडून घेण्यांत शेतकऱ्याचा कांहींच लाभ नाहीं.

दुसरी गोष्ट जागेची. बुलढाणा व खामगांव यांच्यामधील ज्ञानगंगा अभयारण्य आणि संग्रामपूर तालुक्यांतील अंबाबरवा अभयारण्य हीं दोन्ही 1997 पासूनचीं आहेत. अभयारण्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरांच्या आंत रहाणाऱ्या परवानाधारकानें आपली नोंद वनखात्याकडे केली पाहिजे, आणि त्या पट्ट्यांत नवा परवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची संमति लागते, असें वन्यजीव कायद्याचें चौतिसावें कलम सांगतें. तेव्हां अर्ज करण्यापूर्वीं आपलें शेत कोठें आहे, हें नकाशावर पाहून घ्यावें.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. हे दोन कागद वेगळे आहेत, आणि पुष्कळांची फसगत येथेंच होते. 2015 सालीं महाराष्ट्र शासनानें पिकांचें नुकसान करणारे रोही व रानडुक्कर यांच्याबाबत आदेश काढला. तरीहि वनखात्याच्या परवानगीवांचून त्यांस मारतां येत नाहीं. काळवीट तर कायद्याच्या पहिल्याच अनुसूचींत आहे. रात्रींच्या अंधारांत हलणारी सावली रोह्याची कीं काळविटाची, हें ज्यास ओळखतां येत नाहीं, त्यानें चापावर बोट ठेवूंच नये.

आतां प्रत्यक्ष निवड. पुष्कळ घरांत आजोबांची किंवा वडिलांची बंदूक असते. येथें पहिला नियम असा कीं, परवाना वारसाहक्कानें येत नाहीं. परवानाधारक वारला, म्हणजे ती बंदूक विनाविलंब पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा. आढ्यास टांगलेली बंदूक ही आठवण म्हणून कितीहि प्रिय असली, तरी कायद्याच्या दृष्टीनें तो अपराध होतो.

बंदूक जुनी असो वा नवी, चार ठिकाणें पहावीं. पहिलें, ती भरलेली नाहीं ना? गज नळींत तळापर्यंत सोडावा, व तोंडाशीं जेथें येतो तेथें बोट धरून तो बाहेर नळीशीं लावून पहावा. तो तळाशीं न पोंचतां चार बोटें वर थांबला, तर आंत बार आहे असेंच समजावें. ठासणीच्या बंदुका वर्षानुवर्षें भरलेल्या स्थितींत पडून रहातात, आणि ‘रिकामी आहे’ म्हणून मुलांच्या हातीं जातात. दुसरें, नळी सर्वत्र सारखी आहे कीं कोठें फुगली आहे? फुगलेली नळी ही फुटण्याच्या वाटेवरची नळी होय. तिची दुरुस्ती नाहीं. तिसरें, ज्या लहानशा पोकळ खुंटीवर टोपी बसते, ती गंजून सैल झाली आहे काय? सैल खुंटी बारासरशी मागें उडून डोळा घेते. चौथें, घोडा अर्धा चढविला असतां चाप ओढून तो सुटतां कामा नये. या चारांपैकीं एकांतहि दोष आढळला, तर कुशल व परवानाधारक कारागिराकडेच न्यावें; गांवच्या लोहाराकडे नेऊं नये.

एकनळी कीं दुनळी, असाहि प्रश्न विचारला जातो. काडतुसाच्या बंदुकींत दुनळीचा लाभ आहे. ठासणीच्या दुनळींत एक नळी उडाली कीं दुसरींतील गोळी धक्क्यानें पुढें सरकण्याचा, आणि घाईंत एकाच नळींत दोनदां दारू पडण्याचा धोका असतो. नवख्यानें एकनळीच घ्यावी.

दारूविषयीं तर बोलावें तितकें थोडें. काळी दारू म्हणजे सुमारें 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा व 10 भाग गंधक. ती घरीं करणें हा अपराध आहे, आणि खलबत्त्याशीं किती हात गेले, हें जुन्या गांवकऱ्यांस विचारावें. काडतुसांतून काढलेली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकींत कधींहि घालूं नये. तिचा दाब ही नळी सोसूंच शकत नाहीं. दारू मापानें घ्यावी, आणि पुडक्यांतून किंवा शिंगांतून थेट नळींत ओतूं नये. आदल्या बाराची एखादी ठिणगी आंत जिवंत असली, तर सारें शिंगच हातांत पेट घेतें. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. मध्यें पोकळी राहिली, तर नळी तेथेंच फुगते. गजावर दोन खुणा कराव्या, एक रिकाम्या नळीची व एक भरलेल्या नळीची; म्हणजे अंधारांतहि बोटानें खात्री होते. टोपी वाजली पण बार उडाला नाहीं, तर नळी सुरक्षित दिशेस धरून निदान एक मिनिट थांबावें. आणि बार उडविल्यावर त्याच रात्रीं नळी पाण्यानें धुऊन, कोरडी करून तेल लावावें. काळ्या दारूच्या जळाच्या निम्म्याहून अधिक भाग राखेच्या रूपानें मागें रहातो, तो हवेंतील ओल शोषतो व लोखंड खातो. श्रावणांत हें काम दुसऱ्या दिवसावर टाकणारा दिवाळीला गंजलेली नळी पाहतो.

गोळी कीं छर्रे? छर्ऱ्यांनीं रानडुक्कर मरत नाहीं. तें जखमी होतें, तुरींत दडतें, आणि सकाळीं कापणीस आलेल्या बाईमाणसाच्या अंगावर येतें. गुळगुळीत नळीच्या गोळीचा नेम 50 यार्डांपलीकडे भरंवशाचा नसतो. परंतु नेम संपला म्हणून गोळी थांबत नाहीं. ती पुढें कित्येक शें यार्ड जाते. घाटमाथ्यावर समोर टेकडी तरी असते. पूर्णेच्या खोऱ्यांत सपाट रान. एका शेतांत एक जागल्या, तर बांधापलीकडे दुसरा, घोंगडी पांघरून बसलेला. रानडुक्कर समजून माणसावर बार टाकल्याच्या घटना महाराष्ट्रांत घडल्या आहेत. आणि त्यांत मारणारा व मरणारा पुष्कळदां एकाच गांवचे असतात.

यावर जुन्या लोकांनीं काढलेला उपाय म्हणजे माळा. माळा केवळ जनावरापासून बचाव व्हावा म्हणून नव्हता. उंचावरून खालीं मारलेली गोळी लक्ष्य चुकली तरी काळ्या मातींत शिरते. जमिनीवर उभें राहून आडवी मारलेली गोळी मात्र शेजाऱ्याच्या शेतांत जाते. ज्यानें बंदूक घेतली, त्यानें माळा बांधावा, शेजारच्या जागल्यास हांक देऊन त्याची जागा विचारावी, आणि विजेरीच्या प्रकाशांत जनावर संपूर्ण दिसल्यावांचून घोडा चढवूं नये.

अलीकडे कांहीं ठिकाणीं बंदुकीचा खटाटोप नको म्हणून कुंपणांत घरची वीज सोडतात. हा उपाय रोगापेक्षां भयंकर आहे. त्या तारेस डुक्कर कोणतें, बैल कोणता व धन्याचा मुलगा कोणता, हें समजत नाहीं. त्याऐवजीं ठराविक झटका देऊन थांबणारें सौर कुंपण गांवानें मिळून घालावें. वनांलगतच्या गांवांस त्यासाठीं शासनाची मदतहि मिळते. पिकाचें नुकसान झालें, तर लगेच वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाई थोडी असेल, उशिरानेंहि येईल. पण ती मागणें हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि ज्या नुकसानीची नोंदच नाहीं, तें सरकारच्या लेखीं झालेलेंच नसतें.

थोडक्यांत सांगावयाचें तर, शेताच्या राखणीसाठीं चांगली बंदूक ती, जी कायद्यांत बसते, जिच्या नळीची परीक्षा झाली आहे, जी एका वेळीं एकच माणूस भरतो व तोच उडवितो, आणि जी वर्षांतून बहुतेक रात्रीं उडतच नाहीं. एक बार आणि मग पुन्हां भरण्याचा वेळ, ही ठासणीच्या बंदुकीची उणीव समजली जाते. शेताच्या बांधावर मात्र तोच तिचा मोठा गुण आहे. त्या एका बारापूर्वीं माणसास विचार करावा लागतो, आणि अंधारांत बसलेल्या दोन शेजाऱ्यांचा जीव त्या विचारावर अवलंबून असतो.