सात सह्यांचं घर

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुनं घर विकत घेण्याबद्दल आम्ही बोलावं, असं मंडळाने सुचवलं. आमच्यात कोणी इंजिनिअर नाही, वकील नाही. आई, आम्ही दोघे भाऊ, दोन सुना आणि तीन मुलं अशा आठ जणांनी दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुनं घर घेतलं, दुरुस्त केलं आणि आज त्यात राहतो. बोलायचा अधिकार एवढाच.

आधी कारण सांगतो. आम्ही एक जण मांजलपूरला, एक जण गोत्रीला. आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. तिची बॅग कधी पूर्ण रिकामी झालीच नाही. दोन्ही फ्लॅट विकून एक मोठं घर घ्यायचं म्हटलं, तर नव्या वस्तीत परवडत नव्हतं. जुन्या शहरात परवडत होतं, कारण तिथली घरं कुणाला नको होती. "त्या पडक्यात जाता?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. आज इथे बसलेल्यांपैकीही काहींनी विचारलं होतं!

तर पहिला मुद्दा हाच, की घर पडकं कशाने होतं? वयाने होत नाही. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा सगळ्यांनी पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकातला, बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. लाकूड आणि वीट, आपल्या घरांसारखंच. तो उभा आहे, कारण पुरातत्त्व खात्याने त्याला संरक्षण दिलंय आणि त्याची निगा राखली जाते. जुन्या घराचा शत्रू पाणी आहे. छपरावरचं एक कौल सरकतं, पन्हळ तुंबते, आणि वर चढून बघायला कोणी नसतं. पाणी भिंतीत उतरतं. तुळईचं टोक भिंतीत जिथे बसवलेलं असतं, तिथेच ओल साचते आणि तिथेच ते कुजतं. मधली तुळई ठणठणीत असते. पक्क्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही, पण ओलं टोक आणि कच्चं लाकूड तिला आवडतं.

म्हणून घर बघायला पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात रंग लावलेली भिंत सगळ्यांचीच चांगली दिसते. आम्ही भर श्रावणात गेलो. सुतार काकांनी प्रत्येक तुळईच्या टोकाला पेचकस टोचून पाहिला. अकरापैकी चार टोकं मऊ लागली. म्हणजे सात चांगली होती. त्या हिशेबावर आम्ही भाव ठरवला.

दुसरा मुद्दा कागदांचा. त्याला तुळयांपेक्षा जास्त वेळ लागला.

घर होतं एका आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झालेली. नाव बदललेलं नाही. वारस सात, त्यांतले दोघे परदेशात. सातवी सही आजोबांच्या मुलीची, म्हणजे विकणाऱ्यांच्या आत्याची. वय अठ्ठ्याहत्तर, राहायला ग्वाल्हेरला. पेढीनाम्यात तिचं नावच नव्हतं. आम्ही विचारलं, तर उत्तर आलं, "तिचं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, तिला काय विचारायचं?" मध्यस्थही म्हणाला, "असंच चालतं, सही करून मोकळे व्हा."

मंडळी, असं चालत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांची वारस झाली. मात्र राहत्या घरात भाऊ राहत असतील, तर ते स्वतः होऊन वाटणी करेपर्यंत तिला वाटणी मागता येत नव्हती. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. म्हणजे आत्यांची सही ही काही आमच्या सौजन्याची बाब नव्हती. ती नसती, तर आमचा दस्तावेज उद्या कोर्टात डळमळला असता.

खरं सांगायचं, तर आमच्याही घरात यावरून दोन तट पडले. भाव वाढतोय, दुसरं गिऱ्हाईक येईल, बयाणा देऊन टाकू, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू आमच्या आईची. तिच्या माहेरच्या घरात तिलाही कुणी विचारलं नव्हतं, हे आम्हाला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. ती एवढंच म्हणाली, "त्या बाईला न विचारता घेतलेल्या घरात मी राहायला येणार नाही." विषय संपला.

पुढे सात महिने गेले. आम्ही ग्वाल्हेरला जाऊन आलो. आत्यांनी घराबद्दल बरंच विचारलं. परसातल्या विहिरीला पाणी आहे का, माळ्याचा जिना तसाच उभा आहे का. हक्क कमी करून द्यायला त्या तयार होत्या. पण भाच्यांशी फोनवर बोलणं झालं, आणि भाच्यांनी आपणहून त्यांचा वाटा त्यांना द्यायचं ठरवलं. दस्तावेजाच्या दिवशी त्या नातवाला घेऊन बडोद्याला आल्या. त्या घरातून त्यांच्या हाती काही आलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा. परदेशातल्या दोघांनी तिथल्या भारतीय वकिलातीतून मुखत्यारपत्र करून पाठवलं. अशा सात सह्या झाल्या.

घेणाऱ्यांसाठी आणखी काही गोष्टी सांगतो. निदान तीस वर्षांचे कागद वकिलाकडून तपासून घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. गायकवाडी काळातला मोडीतला कागद निघाला, तर तो जाणकाराकडून वाचून घ्या. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर "विकत" घेऊ नका. त्याने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केलंय. जुन्या शहराच्या काही भागांत १९९१ च्या कायद्याप्रमाणे, ज्याला आपण अशांत धारा म्हणतो, विक्रीआधी कलेक्टर कचेरीची परवानगी लागते. आपली गल्ली त्यात येते का, हे बानाखताच्या आधी विचारा. आणि गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी शुल्क १ टक्का. घेणाऱ्या फक्त स्त्रिया असतील तर नोंदणी शुल्क माफ. आमचं घर आई आणि दोन सुना यांच्या नावावर आहे. शुल्क वाचलं हे खरं, पण आत्यांची गोष्ट ऐकल्यावर दुसरं काही सुचलंही नसतं.

तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. आमची भिंत चुन्याची. ओल दिसली की आपण सिमेंटचा गिलावा मारतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग विटेला लोणा लागतो आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा विटेची साल घेऊनच खाली येतो. आम्ही जुना सिमेंटचा थर काढला आणि भिजवून मुरवलेला चुना, रेती आणि सुरखी यांचा गिलावा केला. हे काम येणारे कडिया आता थोडेच उरलेत. आमचे मिस्त्री सत्तरीचे. आमची मुलं सुट्टीत त्यांच्या हाताखाली चुना कालवायला होती.

क्रमही सांगतो, कारण पैसे क्रमाने संपतात. आधी छप्पर आणि पन्हळी. मग तुळया: टेकू देऊन कुजलेलं टोक कापायचं, नवा साग सांधायचा, लोखंडी पट्ट्या आवळायच्या. मग वायरिंग, लाकडी पट्टीवरचं, अर्थिंग नसलेलं जुनं वायरिंग एक दिवसही ठेवू नका. मग तळमजल्यावर आईची खोली आणि तिला लागून संडास-न्हाणीघर, कारण असले उभे जिने म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी नाहीत. रंग आणि फरशी सर्वांत शेवटी. आमचा वरचा मजला अजून बिनरंगाचाच आहे. पाहुण्यांना दिसतो, दिसू दे.

आणि एकत्र घर घेणाऱ्यांनी घरातल्या घरातही कागद करावा. कोणी किती पैसे घातले, कोणता मजला कोणाचा, उद्या एकाला बाहेर पडायचं असेल तर हिशेब कसा, दुरुस्तीसाठी दरमहा किती बाजूला काढायचे. हे सगळं लिहून आम्ही सह्या केल्या. भांडण झालं, नाही असं नाही. पण ते राहायला येण्याआधी झालं.

शेवटी एक विनंती. आज समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांचा बडोद्यात, इंदूरला, बेळगावला किंवा कोकणात कुठल्यातरी बंद घरात हिस्सा असेल. ते घर आजोबांच्याच नावावर असेल. ते पावसाने गळत असेल आणि वारसांची यादी दर पिढीला वाढत असेल. आज सात सह्यांत होणारं काम उद्या सतरांत होणार नाही. विकायचं की ठेवायचं, हा निर्णय तुमचा. पण घरातली जाणती माणसं आहेत तोवर पेढीनामा पुरा करा, आणि त्यात आत्यांची, बहिणींची नावं लिहा. तसंच पुढच्या मृगाच्या आधी कोणाला तरी त्या छपरावर चढवून कौलं बघून घ्या.

चुन्याच्या मिस्त्रींचा पत्ता हवा असेल, तर आरतीनंतर आम्ही प्रसादाच्या टेबलापाशीच आहोत. घर बघायलाही या. यंदा गौरी-गणपती तिथेच आहेत.

गणपती बाप्पा मोरया!