थंडीची खरी कसोटी उजाडल्यावर



आपली परिषद नंदुरबारात भरली आहे, म्हणून सातपुड्याच्या थंडीवरच बोलतो. कडाका वाढला की तोरणमाळला आणि अक्कलकुव्यातल्या डाबला दव गोठतं. गोठलेल्या दवाची छायाचित्रं छापून येतात, शेजारच्या वावरातल्या पिकावर काय गुदरलं याची बातमी होत नाही. माझं म्हणणं असं, की पानाला होणारी इजा केवळ रात्रीच्या गारठ्याची नसते. गारठलेल्या पानावर सकाळचं लख्ख ऊन पडतं, तेव्हा ती वाढते.

हरितलवकातल्या पटलांमध्ये प्रकाश टिपणारी प्रथिनसंकुलं असतात. त्यांचं प्रकाश टिपणं थंडीत फारसं मंदावत नाही. त्या ऊर्जेवर साखर घडवणारी विकरं मात्र गारठतात. हे म्हणजे, बाजारात मिरचीची आवक चालूच आहे आणि पथारीवर वाळवायला माणसं नाहीत, तर माल सडणारच. पानात अशी साचलेली ऊर्जा प्रकाशप्रणाली दोनमधल्या डी-१ प्रथिनाची मोडतोड करते, आणि थंडीत त्याची दुरुस्तीही रेंगाळते.

कॅनडात नॉर्मन ह्युनर आणि स्वीडनमध्ये गुन्नर ओक्विस्ट यांनी हिवाळी राय या धान्यावर यासंबंधी मूलभूत काम केलं. पाच अंशांच्या आसपास वाढवलेल्या रायच्या पटलांत एका विशिष्ट मेदाम्लाचं प्रमाण घटतं आणि प्रकाश टिपणाऱ्या संकुलांची तिहेरी जुळणी सैल होते. झियाझँथिन हे रंगद्रव्य जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून द्यायला मदत करतं. पण पटलातले बदल ही अर्धीच गोष्ट. थंडीला सरावलेलं रोप साखर घडवणारी विकरंही वाढवतं, म्हणून ऊर्जा तुंबत नाही. थंडीत वाढलेलं आणि प्रखर उजेडात वाढलेलं रोप पुष्कळ बाबतींत सारखं दिसतं, त्याचं कारण हेच: रोपाला तापमानाइतकाच ऊर्जेच्या आवक-जावकीतला असमतोलही जाणवतो.

गहू आणि सातू रायच्याच गोतातले. आपली दादर ज्वारी आणि मका उष्ण प्रदेशातली. त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातलं पायरुवेट फॉस्फेट डायकायनेज हे विकर थंडीत निष्क्रिय होऊ लागतं. मक्याचं नवं पान पंधरा अंशांखाली नीट हिरवं होत नाही, पिवळट पडतं. म्हणून ‘रब्बी पिकांना थंडी मानवते’ हे सरसकट वाक्य गव्हाला लागू पडेल, मक्याला नाही.

कॅनडा-स्वीडनमधले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावण्यात आणखी एक अडचण आहे. प्रयोगातल्या रायला आठवडेच्या आठवडे सलग थंडी मिळते. आपल्याकडे रात्र हुडहुडी भरवते आणि दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. रात्री सुरू झालेला सराव दुपारच्या उबेत टिकतो का, हा प्रश्न सातपुड्याचा आहे आणि त्याचं उत्तर इथल्याच वावरात शोधावं लागेल.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हरितद्रव्याची प्रतिदीप्ती मोजणारं यंत्र हातात मावतं. काही वेळ अंधारात ठेवलेल्या निरोगी पानाचं वाचन साधारण ०.८३ येतं. तोरणमाळच्या पठारावर आणि शहाद्याच्या सपाटीवर, गहू, दादर आणि मका या तिन्हींची वाचनं पहाटे, दहा वाजता आणि सायंकाळी घ्यावीत. दहाला घसरलेला आकडा सायंकाळपर्यंत सावरला, तर ते बहुतांशी रोपाचं स्वसंरक्षण. दुसऱ्या पहाटेही तो खालीच राहिला, तर इजा झाल्याची शंका घ्यावी. थंडीच्या लाटेत शेतकरी सायंकाळी हलकं पाणी देतात, कारण ओली जमीन ऊब धरते. त्या पाण्याचा पानाला कितपत उपयोग होतो, तेही याच यंत्रावर पडताळता येईल.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी येत्या रब्बीत हे काम वाटून घ्यावं आणि निष्कर्ष मराठीबरोबर भिली, पावरी आणि अहिराणीतूनही शेतकऱ्यांना सांगावेत, असा प्रस्ताव मी अध्यक्ष या नात्याने मांडतो. समारोपाच्या सत्रात त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.